अडीचाचे साडेतीन

मराठी ललित निबंधाने झाडांवर, पावसावर, जुन्या वाड्यांवर आणि गेलेल्या माणसांवर उदंड प्रेम केले. यंत्रावर मात्र त्याचा जीव फारसा जडला नाही. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रयुग येते, पण ते बहुतेक माणसाला भरडणारे म्हणून. आमच्या खानदेशच्या बहिणाबाईंनी विहिरीवरच्या मोटेवर कविता केली. पण मोट हेही एक यंत्र आहे, हे आपण वर्गात शिकवताना विसरतो आणि तिला ग्रामीण जीवनाची खूण म्हणून बाजूला ठेवतो. यंत्र उघडून, त्याच्या आत हात घालून, तेलकट बोटांनी विचार करणारा निबंध आपल्याकडे विरळाच. याबद्दल नुसती खंत व्यक्त करण्यापेक्षा माझ्या घरात काही वर्षे वास्तव्याला असलेल्या एका अगदी लहान यंत्राविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. ते यंत्र म्हणजे माझ्या भाच्याचा नायट्रो ट्रक, आणि लिहायचे आहे ते त्याला बसवलेल्या मोठ्या इंजिनाविषयी.

ही वस्तू काय असते ते आधी सांगायला हवे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंध येण्याचे काही कारण नाही. खऱ्या ट्रकच्या एक दशांश मापाचे, दीडेक फूट लांबीचे आणि चार किलोंच्या वर वजनाचे हे वाहन हातातल्या रिमोटवरून चालवायचे असते. त्यात बॅटरीवर फिरणारी मोटर नसते, तर खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन असते. कार्बोरेटर, सायलेन्सर, क्लच, गिअर, ब्रेक असा सगळा संसार त्याच्याबरोबर असतो. ट्रॅक्सास या अमेरिकन कंपनीचा १९९९ साली आलेला टी-मॅक्स हा या जातीतला गाजलेला ट्रक. त्याचे मूळ इंजिन .१५ क्रमांकाचे. हा क्रमांक म्हणजे घन इंचातले आकारमान. आपल्या हिशेबाने सुमारे अडीच सीसी. आपल्या दारातल्या साध्या मोटारसायकलचे इंजिन शंभर सीसीचे असते, म्हणजे हे त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढे झाले. पण ते मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि त्याचा आवाज ऐकणाऱ्याला आकारमानाचा मुळीच अंदाज येत नाही.

भाचा २०१० साली दहावी झाला आणि अकरावीसाठी माझ्याकडे नशिराबादला राहायला आला. त्याचे गाव तापीपलीकडे, यावल तालुक्यात; आमच्याकडून जळगावचे कॉलेज दहा किलोमीटरवर. अमेरिकेत नोकरीला असलेल्या त्याच्या चुलतभावाने आपला वापरलेला टी-मॅक्स त्याला त्याच वर्षी आणून दिला. इंधन विमानातून आणता येत नाही. ते मुंबईच्या एका दुकानातून, कुणाची तरी मोटार इकडे यायची असेल तेव्हा यायचे. तोवर ट्रक कपाटावर बसून असायचा. इंधन आले की उन्हाळ्यात वाघूरच्या कोरड्या पात्राकडे आमची फेरी व्हायची. सव्वाशे मिलीलिटरची टाकी दहा-पंधरा मिनिटांत संपायची. महिनाभर वाट पाहून मिळणाऱ्या त्या पंधरा मिनिटांचे सुख मी जवळून पाहिले आहे, म्हणून या छंदाला खुळ म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

वर्षभरात भाच्याला मोठ्या इंजिनाचे वेध लागले. .१५ काढून .२१ बसवायचे, म्हणजे अडीचाचे साडेतीन सीसी करायचे. यात नवल काही नव्हते. कंपनीनेही पुढे याच ट्रकात ३.३ सीसीचे इंजिन बसवले, आणि जगभर या ट्रकांचे मालक हाच उद्योग करीत आले. वाढ एक सीसीची. पण मुळात अडीचच असल्यामुळे ती चाळीस टक्के होते. शिवाय .२१ हे नुसते थोडे मोठे इंजिन नसते. .१५ किंवा .१८ ही लहान ठोकळ्याची इंजिने, आणि .२१ पासून पुढे मोठा ठोकळा सुरू होतो. मूळ बैठकीत तो मावत नाही. बैठक नवी करावी लागते, क्लचची वाटी बदलावी लागते, सायलेन्सरचा मार्ग वळवावा लागतो.

चुलतभावाने इंजिन पाठवले, पण बैठक कोण करणार? आमच्या गल्लीत भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी ते मुठीत मावणारे इंजिन उलटसुलट करून पाहिले, फ्लायव्हील बोटाने फिरवले आणि म्हणाले, “पोरा, इंजिन वाढवणं सोपं आहे. वाढलेलं इंजिन थांबवायचं कोणी?” मग त्यांनी पहिले काम काढले ते ब्रेकचे. इंजिन पंधरा दिवस कागदात गुंडाळलेले राहिले. भाचा चडफडत होता. मी मात्र तेव्हापासून काकांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. मला तिथे एक चांगला वर्ग सापडला होता.

या इंजिनाचे अंतरंग मला पहिल्यांदा कळले ते त्या ओट्यावर. त्याचे इंधन पेट्रोल नव्हे. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे मिश्रण असते. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने पंधराएक भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा भाग पुरते, आणि नायट्रोमिथेनला दोन भागही लागत नाहीत, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन बसलेला असतो. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते, आणि म्हणून एवढ्याशा पोकळीतून एवढी ताकद निघते. यात ठिणगी पाडणारा प्लगही नसतो. असतो तो ग्लो प्लग, म्हणजे प्लॅटिनमच्या बारीक तारेचे वेटोळे. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. नंतर मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने आणि आतल्या दाबाच्या उष्णतेने ते आपोआप धगधगत राहते. हा प्लग रे आर्डेन या अमेरिकी माणसाने १९४७ साली बाजारात आणला. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रहही १९४७ चाच. दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी साहित्याच्या माणसाला असल्या जुळण्या टिपून ठेवल्यावाचून राहवत नाही.

वंगणाची गोष्ट मात्र मला अधिक जवळची वाटली. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल इंधनातच मिसळलेले असते आणि त्यात जुन्या काळापासून मानाचे स्थान आहे ते एरंडेलाला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत. इतर तेले ज्या तापमानाला हार मानतात, तिथे एरंडेल धातूला चिकटून राहते. आज कृत्रिम तेले आली आहेत, तरी पुष्कळ इंधनांत थोडे एरंडेल असतेच. जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात, आणि भारतात गुजरातेत, म्हणजे आमच्या शेजारीच. बांधावरची एरंडी, बैलगाडीच्या आसाला घातलेले वंगण आणि लहानपणी नाक दाबून पाजलेला चमचा, एवढीच एरंडेलाची ओळख असलेल्या माझ्यासारख्याला वाघूरच्या पात्रात त्या निळसर धुराचा वास आला तेव्हा परदेशी खेळणे एकदम घरातले वाटू लागले.

तेल इंधनातच असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. कार्बोरेटरला एक बारीक सुई असते. ती सैल केली की इंधन जास्त येते. या मिश्रणाला रिच म्हणतात. इंजिन मग थंड राहते, धूर भरपूर सोडते आणि जरा सुस्त चालते. सुई आवळत नेली की इंधन कमी आणि हवा जास्त होते. हे लीन मिश्रण. इंजिन चपळ होते, आवाज धारदार होतो, ट्रक उसळू लागतो. पण इंधन कमी म्हणजे तेलही कमी. सुई आणखी थोडी आवळली की तापमान चढते, पिस्टनवरचा तेलाचा पापुद्रा फाटतो आणि इंजिन जळते. याचा अर्थ असा, की इंजिन सर्वांत जोरात पळते ते बिघडण्याच्या अगदी अलीकडच्या क्षणी. चालवणाऱ्याला त्या वेळी फक्त जोर जाणवतो. धोका जाणवत नाही, कारण दोघांचा आवाज एकच असतो. काकांनी भाच्याला उपाय शिकवला: दोन मिनिटे पळवल्यावर इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक. टाकताक्षणी नाहीसा झाला तर सुई सैल करायची. कानावर भरवसा ठेवायचा नाही, थेंबावर ठेवायचा.

इंजिन एकदाचे बसले. नव्या इंजिनाला पहिल्या काही टाक्या रिच मिश्रणावर, मध्ये पूर्ण थंड होऊ देत, मुरवाव्या लागतात. कारण यात पिस्टनला रिंगा नसतात. नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, थंड असताना पिस्टन तिथे आवळून बसतो आणि तापल्यावर नळी फाकून त्याला नेमकी जागा देते. दोघांनी एकमेकांना ओळखेपर्यंत घाई चालत नाही. भाच्याने तेवढा धीर धरला, आणि मग एका रविवारी ट्रक सोडला. तो पुढची चाके उचलून गेला. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो, आणि पुढे जे झाले त्याने त्या आनंदाची किंमत कमी होते असे मी मानत नाही.

पुढे झाले ते असे. आधी क्लचच्या बेअरिंगा गेल्या. त्या चांगल्या प्रतीच्या बसवल्या, तर प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरचे दाते उडाले. पोलादी गिअर आणला; तो टिकला, म्हणून झटका पुढे डिफरन्शिअलवर गेला. ते दुरुस्त करून मजबूत केले, तर एक्सल पिळला. एक्सल जाड केले, तर वजन वाढले, आणि वाढलेल्या वजनाला आधीचे शॉकअप पुरेनात. वेग दीडपट झाला की आदळण्याची शक्ती सव्वादोन पट होते. पूर्वी ज्या दगडाला धडकून ट्रक नुसता उलटायचा, तो दगड आता पुढचा हात मोडू लागला. टाकी तीच, म्हणून पंधरा मिनिटांची दहा मिनिटे झाली. काका प्रत्येक वेळी मोडलेला भाग तळहातावर घेऊन पाहत. “दुबळी जागा जात नाही रे,” ते म्हणाले, “ती सरकते.” दोन वर्षांत मूळ ट्रकातला सांगाडा आणि रिमोट एवढेच शिल्लक राहिले. बाकीचा ट्रक एका सीसीने बदलून टाकला होता.

हे वाक्य घेऊन मी वर्गात गेलो, हे कबूल करायला हरकत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना मला त्याचा फार उपयोग झाला. गावाकडच्या एका कथेवरचे दोन-तीन साधे, नेमके निरीक्षण असलेले लेखन असते. आणि विद्यार्थी त्यात एकदम ‘उत्तर-आधुनिक विखंडन’ किंवा ‘सत्ता-संबंधांचे चर्चाविश्व’ बसवतो. संज्ञा वाईट नसते, ती मोठ्या ठोकळ्याची असते. ती पेलायला त्या लेखनाचे उरलेले भाग, म्हणजे उदाहरणे, कथेचे बारकाईने केलेले वाचन, वाक्यांमधले सांधे तेवढे मजबूत नसतात. मग दाते उडतात. अशा वेळी ‘संज्ञा काढून टाका’ म्हणण्यापेक्षा ‘आधी ब्रेक पाहा, मग इंजिन’ म्हटलेले मुलांना लवकर समजते. ब्रेक म्हणजे ‘हे मला या पाठ्यातून खरोखर दिसते का’ असे स्वतःला थांबवून विचारण्याची सोय. ही तुलना कुणी फार ताणू नये. पण चांगल्या लेखनात जोर आणि धोका यांचा आवाज एकच असतो, हे मला अजूनही खरे वाटते.

मात्र या गोष्टीत खरोखर काही पणाला लागले ते वर्गात नव्हे, तापीपलीकडे.

आमच्या भागात ‘इंजिन’ हा शब्द मोटारीच्या किंवा आगगाडीच्या आधी विहिरीशी जोडलेला आहे. मोट गेली आणि विहिरीवर ऑइल इंजिन आले. त्याची पुकपुक माझ्या लहानपणीच्या दुपारांना लागून आहे. मग विजेची मोटर आली, आणि विहिरी आटल्यावर बोअरमध्ये सोडायची पाणबुडी मोटर. मोटेपासून पाणबुडीपर्यंतचा हा प्रवास मोठ्या इंजिनाचाच आहे. सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधला यावल-रावेरचा पट्टा केळीचा. खाली नदीने साचवलेला खोल गाळ आणि डोंगराच्या कुशीला मोठ्या गोट्यांचा थर. पाणी मुरायला आणि साठायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. तरीही हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनांत अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. केळीला जवळजवळ वर्षभर पाणी लागते, आणि ते मुख्यतः जमिनीखालून येते.

माझ्या मेव्हण्यांची चार एकर केळी होती. त्यांच्या पहिल्या बोअरला सव्वाशे फुटांवर पाणी होते आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरत होती. पाणी खाली गेले तशी साडेसातची आली, मग साडेबाराची. यातले गणित ट्रकच्या गणितापेक्षा क्रूर आहे. तेवढेच पाणी तिप्पट खोलीवरून उचलायचे तर तिप्पट ताकद लागते. म्हणजे ट्रकला मोठे इंजिन बसवल्यावर निदान वेग तरी वाढला; इथे मोटर अडीच पटींनी वाढून पाणी वाढले नाही, होते तेवढेही पुरते टिकले नाही. त्यात शेतीची वीज दिवसाचे आठ-दहा तास, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. तेवढ्या तासांत जमेल तेवढे ओढून घ्यायचे, म्हणूनही मोटर मोठी लागते. आणि दुबळी जागा इथेही सरकत होती. मोटर वाढली तर केबल तापली, केबल बदलली तर स्टार्टर जळला, सगळ्यांनीच मोटारी वाढवल्या तर ऐन एप्रिलात डीपी जळाला आणि आठ दिवस अख्खा शिवार कोरडा राहिला. शेवटची दुबळी जागा जमिनीखालची, जिथे कुणाचाच हात पोहोचत नाही.

२०१८ च्या पावसाने दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बोअर तासाभरात हवा ओकू लागले. मेव्हण्यांनी बोअर आणखी खोल नेऊन साडेसतरा हॉर्सपॉवरची मोटर टाकायचे ठरवले. सोसायटीच्या कर्जाचे कागद तयार झाले. भाचा तोवर इंजिनिअर होऊन जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागला होता. त्या रात्री अंगणात बापलेकांचे जे झाले, त्याला भांडण म्हणायचे की काय, मला ठरवता येत नाही.

“अप्पा, मोटर वाढवून पानी वाढनार नाही. बोअर लवकर कोरडं होईन, एवढंच.”

“मंग काय केयी जयू देऊ?”

या प्रश्नाला भाच्याजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळ तर नव्हतेच. उभे पीक डोळ्यांदेखत करपत असताना माणूस सुई आवळतो. थेंब टाकून पाहण्याची उसंत त्याला नसते. जमिनीखालच्या पाण्याला शिवार ओळखता येत नाही. एकाने हात आखडला तर त्याच्या वाटचे पाणी शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते. म्हणून ‘कमी उपसा करा’ हा उपदेश जितका बरोबर आहे, तितकाच तो एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. ट्रकचा मालक एकच असतो. त्याने ठरवले की झाले. इथे सुई शेकडो हातांत आहे.

शेवटी मेव्हण्यांनी मोटर टाकली नाही. त्या उन्हाळ्यात दोन एकर केळी त्यांनी सोडून दिली. सोडून दिली हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. बहीण दोन दिवस त्या बाजूच्या शेतात गेली नाही. उरलेल्या दोन एकरांना ठिबक होतेच, ते नीट करून घेतले. पावसाळ्यापूर्वी बापलेकांनी आजोबांच्या काळची कोरडी विहीर उपसली आणि नाल्याचे पाणी गाळून तिच्यात सोडायची सोय केली. आता पावसाळ्यात त्या विहिरीत पाणी उतरते आणि हळूहळू खाली जाते. ते नेमके कोणाच्या बोअरला लागते, हे कळायला मार्ग नाही. बांधापलीकडच्या दोघांनी त्यानंतर मोठ्या मोटारी टाकल्या आहेत. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्यात मोफत झाली, तेव्हा मेव्हणे हसून म्हणाले, की आपली साडेबाराची त्यात बसत नाही आणि साडेसातने पाणी वर येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचे पाणी मुरवण्याच्या मोठ्या योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. ते पाणी येईल तेव्हा येईल.

नायट्रोचे ट्रक आता मागे पडले आहेत. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरीने त्यांची जागा बहुतांशी घेतली; बटण दाबले की पळतात, धूर नाही, थेंब टाकायला नको. काकाही राहिले नाहीत. भाच्याचा ट्रक यावलच्या घरी माळ्यावर आहे. एरंडेल सुकून पिस्टन आत धरला गेला आहे, तो गरम करून सोडवावा लागेल. मधूनमधून मी तिकडे जातो तेव्हा मेव्हणे मला त्या विहिरीवर नेतात. काठावर त्यांनी फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत आणि एका जुन्या वहीत ते दर महिन्याला पाण्याची पातळी लिहितात. वही त्यांनी भाच्याच्या अकरावीच्या दप्तरातून काढलेली आहे. तिच्या पहिल्या चार-पाच पानांवर सुई किती फिरवली आणि थेंब किती सेकंदांत उडाला, याच्या नोंदी आहेत.